काळ्या मातीत फ्लायअवे डिश लावताना

फ्लायअवे डिश म्हणजे घटनास्थळी नेऊन जोडायची, उपग्रहामार्फत थेट प्रक्षेपण पाठवणारी डिश. यवतमाळकडच्या काळ्या मातीत तिचा ट्रायपॉड थेट रोवू नका. पावसात पाय खचतात. १.२ मीटरची डिश केयू बँडवर (उपग्रहाच्या उच्च वारंवारितेच्या पट्ट्यावर) एक अंश जरी हलली, तरी सिग्नल कोसळतो. प्रत्येक पायाखाली सागाची फळी आणि मधोमध वाळूची पोती हवीतच.

८३ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी इथून दिगंश (उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला कोन) साधारण १६६ अंश, उंचीकोन (क्षितिजापासून वर) ६५ अंश. होकायंत्र गाडी आणि जनरेटरपासून दूर धरून वाचा, लोखंडाने काटा फसतो. ऑफसेट डिश (जिचा फीड मधोमध नसून खाली बाजूला असतो) दिसायला बरीच उभी वाटते. डोळ्यावर विसंबू नका, स्पेक्ट्रम अॅनालायझरवर (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बीकन, म्हणजे उपग्रहाचा ओळख-सिग्नल, शोधा. मग आधी दिगंश, नंतर उंची, शेवटी पोलरायझेशन (लहरीची आडवी-उभी दिशा) जुळवा.

उपग्रहाच्या नियंत्रण केंद्राला फोन केल्याशिवाय कॅरिअर (उपग्रहाकडे जाणारी रेडिओलहर) सोडायचा नाही. आधी कमी पॉवरवर साधा, चित्र-आवाजाशिवायचा कॅरिअर द्या, क्रॉस-पोल (आपली लहर दुसऱ्या पोलरायझेशनमध्ये झिरपते का ते) तपासून घ्या, ते सांगतील तेवढीच पॉवर वाढवा. घाई केली तर दुसऱ्याचं प्रक्षेपण बिघडतं. या वेळी डिशसमोर कुणी उभं राहता कामा नये. बघ्यांसाठी दोरी बांधा.

लोडशेडिंग गृहीत धरून एन्कोडर (चित्र-आवाज डिजिटल करणारा) आणि मॉड्युलेटर (ते कॅरिअरवर चढवणारा) यूपीएसवरच ठेवा. वार्ताहराच्या कानात त्याचाच आवाज परत जाऊ देऊ नका: जाऊन-येऊन अर्धा सेकंद उशीर होतो आणि बोलणारा अडखळतो.