खारकेच्या गोडीची घरगुती चॉकलेटं

पहिल्या प्रयत्नात मी वितळलेल्या चॉकलेटमध्ये हापूसचा रस ओतला होता. रस गोड, चॉकलेट कडू, तेव्हा दोघांचं जमायला हरकत नसावी असा माझा हिशेब. अर्ध्या मिनिटात भांड्यात चिखलाचा गोळा तयार झाला. ढवळावं तसा तो आणखी घट्ट व्हायला लागला. शेवटी त्यात वाटीभर गरम दूध घातलं तेव्हा कुठे तो सैल पडला, आणि मुलांनी ते ‘चॉकलेटचं पिठलं’ म्हणून पोळीशी खाल्लं.

चूक आंब्याची नव्हती. चॉकलेट म्हणजे तुपात कालवलेली कोरडी पूड. ते तूप म्हणजे कोको बटर, कोकोच्या बियांतलंच. त्यात चमचाभर पाणी गेलं की कोरडे कण ते पाणी ओढून घेतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. आंब्याच्या गरात ऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी असतं, स्ट्रॉबेरीत नव्वदच्या आसपास. म्हणून साखरेऐवजी फळाच्या गोडीचं चॉकलेट करायचं तर आधी फळातलं पाणी गेलेलं हवं. हे काम खजूर, बेदाणे, अंजीर आणि खारीक यांनी आपल्यासाठी करून ठेवलेलंच आहे. मऊ सुकामेवा आत सारणात घालायचा आणि वरच्या कवचाला गोडी द्यायची ती खारकेच्या पुडीने. डिंकाच्या लाडवांसाठी घरोघरी कुटली जाते तीच पूड.

काय काय लागेल

साधारण तीस चॉकलेटांसाठी:

सारण: बिया काढलेला मऊ काळा खजूर २०० ग्रॅम, बेदाणे ५० ग्रॅम, भाजलेले बदाम किंवा शेंगदाणे ६० ग्रॅम, कोको पावडर २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ, थोडं जायफळ, एक छोटा चमचा तूप.

कवच: कोको बटर १०० ग्रॅम, कोको पावडर ७० ग्रॅम, खारकेची पूड ५० ग्रॅम, चिमूटभर मीठ.

खरेदी करताना पाकिटामागचं वाचा. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ आणि कोको पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यात साखर असते. दुकानात मिळणारी ‘डार्क कंपाउंड’ची लादी वापरायला फार सोपी, पण तिच्यात साखर असतेच आणि कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. आपल्याला ती नको. कोको बटर त्वचेला लावायलाही विकतात, तेव्हा खाण्याच्या प्रतीचं आहे ना ते बघून घ्या. खजुराच्या काही पाकिटांवर घटकांमध्ये ग्लुकोज सिरप असतं, तेही टाळा. बेदाणे सांगली-तासगावकडचे पिवळसर, किंचित आंबूस मिळाले तर सोन्याहून पिवळं. खजूर नुसता गोड असतो, त्याला थोडा आंबटपणा लागतो.

कोको बटर महाग आहे, हे खरं. परदेशी पाककृतींमध्ये त्याऐवजी सर्रास खोबरेल तेल घालतात. तिकडे ते चालून जातं. खोबरेल सुमारे २४ अंशांना वितळतं आणि आपल्याकडे दसऱ्यानंतरची दुपारसुद्धा त्याहून गरम असते. एकदा अशी चॉकलेटं डब्यात भरून बहिणीकडे ठाण्याला नेली. लोकलमधून उतरले तेव्हा डब्यात खजुराच्या गोळ्या काळ्या तेलात पोहत होत्या. खोबरेलाची चॉकलेटं करायचीच असतील तर फ्रीजमधून काढून तिथेच उभ्याने खायची, इतकंच.

आधी खारीक

हे काम दोन-तीन दिवस आधीच सुरू करा. खारका फोडून बिया काढा, तुकडे करा आणि दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात ओव्हनमध्ये ८० अंशांवर तास-दीड तास ठेवले तरी चालतं. तुकडा गार झाल्यावर काडकन मोडला पाहिजे. वाकला तर अजून ओल आहे.

खारीक एकटी मिक्सरमध्ये घातली की पात्याखाली तिचा लगदा बसतो, कारण तिच्यातली साखर हवेतलीही ओल ओढून घेते. ती दळताना कवचासाठी मोजलेल्या कोको पावडरीतली दोन-तीन चमचे सोबत घाला. कोको कणांच्या मधे शिरतो आणि पूड मोकळी राहते. मिक्सर थांबवत थांबवत चालवा, भांडं गरम होऊ देऊ नका. मग पूड वस्त्रगाळ करा. मैद्याच्या चाळणीने चाळून भागवलं तर चॉकलेट दाताखाली कचकचतं.

वस्त्रगाळ केली तरी ते बाजारच्या चॉकलेटइतकं गुळगुळीत होणार नाही. जिभेला तीसेक मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण जाणवतो आणि आपला मिक्सर तिथपर्यंत पोहोचत नाही. चॉकलेटलासुद्धा तो मुलायमपणा आला तो १८७९ मध्ये, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात रॉडॉल्फ लिंट यांनी तासन्‌तास घोटणारं यंत्र वापरायला घेतल्यावर. त्याआधीची चॉकलेटं खरखरीतच होती. गंमत म्हणजे आज जगभर लहान प्रमाणावर चॉकलेट करणारे अनेक जण आपल्या इडली-डोशाच्या टेबलटॉप ग्राइंडरचीच सुधारलेली आवृत्ती वापरतात. मला स्वतःला खारकेची थोडी रवाळ चव आवडते. गुळगुळीत हवं असेल त्यांनी विकत आणावं.

सारण

बदाम मंद आचेवर खमंग भाजून, पूर्ण गार करून जाडसर कुटा. गरम कुटले की तेल सुटतं. बेदाणे धुतले असतील तर फडक्यावर पसरून पूर्ण वाळवून घ्या.

कढईत तूप घालून त्यात खजूर घाला आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं उलथन्याने दाबत परता. खजूर मऊ होऊन एकत्र येतो आणि त्यातली उरलीसुरली ओलही उडते. कितीही कोरडा वाटला तरी पाण्याचा हबका मारू नका. फारच कडक असेल तर परतण्याआधी चाळणीत ठेवून पाच मिनिटं वाफवा. आता बेदाणे बारीक चिरून घाला, मग कोको, मीठ, जायफळ आणि शेवटी बदाम. मीठ विसरू नका. त्याच्याशिवाय हे सारण खजुराच्या लाडवासारखं लागतं, मिठाने त्यात चॉकलेटची चव उठून येते.

कोमट असताना तळहाताला तुपाचं बोट लावून सुपारीपेक्षा थोड्या मोठ्या, साधारण दहा ग्रॅमच्या गोळ्या वळा. त्या ताटात सुट्या ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. बुडवायच्या आधी मात्र वीस मिनिटं बाहेर काढून ठेवा. थंडगार गोळी कोमट चॉकलेटमध्ये गेली की कवच आकसतं आणि नंतर त्याला तडे जातात. गोळीवर दव धरलं असेल तर तेही चॉकलेटमध्ये उतरतं. कोरड्या फडक्याने टिपून घ्या.

कवच, आणि त्यातला नाजूक भाग

इथे घाई करू नका. शंभरापैकी तीस ग्रॅम कोको बटर किसून बाजूला ठेवा. उरलेलं सत्तर ग्रॅम स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घाला. खाली पातेल्यात दोन बोटं पाणी उकळून गॅस बंद करा आणि वर हे भांडं ठेवा. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये, आणि कडेने वाफ येऊ नये इतकं ते पातेल्यावर घट्ट बसलं पाहिजे. वाफेचा एक थेंब म्हणजे पुन्हा माझा हापूसचा प्रयोग. ढवळायला लाकडी चमचा नको, तो आतून ओला असतो. सिलिकॉनचा किंवा स्टीलचा घ्या.

बटर वितळलं की भांडं खाली उतरवून तळ पुसा. राहिलेली कोको पावडर, खारकेची पूड आणि मीठ चाळून घाला आणि गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मिश्रण बासुंदीइतकं पातळ दिसेल. दिसू द्या, गार होताना ते आळतं.

आता ते ढवळत ढवळत ३४ अंशांपर्यंत उतरू द्या आणि मग किसलेलं तीस ग्रॅम बटर थोडं थोडं घाला. या किसण्यामागे कारण आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार तेवढा चकाकतो, टचकन मोडतो आणि तोंडात विरघळतो, कारण तो अंगाच्या उष्णतेच्या जरा खाली, ३४ अंशांच्या आसपास वितळतो. लादीतलं चांगलं बटर आधीच त्या प्रकारात गोठलेलं असतं. त्याचा कीस म्हणजे विरजण. दुधाला दही लागतं तसं, वितळलेल्या बटरला कसं गोठायचं ते हा कीस शिकवतो. मिश्रण फार गरम असताना घातला तर कीस नुसता वितळून जातो, ऊन दुधात विरजण फुकट जावं तसा.

३१-३२ अंशांवर मिश्रण तयार झालं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर उत्तमच. नसेल तर थेंबभर खालच्या ओठाला लावा, ओठाला ते किंचित गार लागलं पाहिजे. मग सुरीच्या टोकाला थोडं लावून पंख्याखाली नाही, गार जागी ठेवा. पाच-सात मिनिटांत चकाकी येऊन ते सुकलं तर जमलं. चिकटच राहिलं तर आणखी थोडं ढवळा आणि पुन्हा बघा.

एप्रिल-मे महिन्यात मुंबईत किंवा कोकणात ही खटपट उघड्या स्वयंपाकघरात जमत नाही. हवाच ३३ अंशांची असेल तर गोठणार काय? ज्या खोलीत एसी आहे तिथे भांडं घेऊन बसा. एसी नसेल तर हे काम थंडीसाठी राखून ठेवा आणि तोवर नुसती सारणाची गोळी कोकोत घोळवून खा. तीही वाईट नसते.

बुडवणं

एकेक गोळी काट्यावर ठेवून मिश्रणात बुडवा, उचला, काटा भांड्याच्या काठावर दोनदा आपटा म्हणजे जादाचं ओघळून जाईल, आणि बटर पेपरवर सोडा. पहिल्या चार-पाच गोळ्या बेढब होतात, त्या करणाऱ्याच्या. मिश्रण घट्ट व्हायला लागलं तर भांडं काही सेकंद कोमट पाण्यावर धरा, पण ३२ च्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर विरजण मोडतं. ओलं असतानाच वर पिस्त्याचा काप किंवा मिठाचा एखादा खडा ठेवता येतो.

कवच थोडं उरेलच. त्यात घोलवडकडच्या सुकवलेल्या चिकूच्या चकत्या अर्ध्या बुडवून बघा. चिकूचा खरपूस गोडवा आणि कोको यांचं नातं जुनं असावं असं वाटतं. पुरंदरचं सुकं अंजीर उभं चिरून बुडवलं तरी छान. कोकणातल्या घरून बरक्या फणसाची, साखर न घातलेली फणसपोळी आली असेल तर तिच्या पट्ट्या मला या सगळ्यांपेक्षा आवडतात. ताजी स्ट्रॉबेरी बुडवायची तर अगदी कोरडी पुसून, आणि त्याच दिवशी संपवायची.

ठेवणं

हवाबंद डब्यात गार जागी आठवडाभर, फ्रीजमध्ये दोनेक आठवडे टिकतात. फ्रीजमधून काढल्यावर डबा लगेच उघडू नका. तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव बसून कवच चिकट होतं. काही दिवसांनी वर राखाडी-पांढरी छटा आली तर घाबरून फेकू नका. ती बुरशी नसते, कोको बटर वर आलेलं असतं. विरजण नीट लागलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. खरी बुरशी लवदार दिसते आणि तिला वासही येतो.

आता मधुमेहाबद्दल. माझ्या सासूबाईंनी ‘साखर नाही ना?’ म्हणत एका बैठकीत चार संपवली होती. साखर नाही, पण खजुराच्या वजनाचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग साखरच असतो. हिशेब मांडला तर अशा एका चॉकलेटमध्ये चहाच्या चमचाभर साखरेएवढी फळातली साखर येते, थोडी जास्तच. त्यांना आता एकच मिळतं, तेही जेवणानंतर. घरात कुत्रा असेल तर डबा उंचावर ठेवा. कोको आणि बेदाणे, दोन्ही त्याला विषासारखे.