चोवीस कामट्यांचा आकाशकंदील

दिवाळीत दारावर लावायच्या पारंपरिक आकाशकंदिलाची सगळी मदार सांगाड्यावर असते. कागद दरवर्षी बदलता येतो. सांगाडा मात्र नीट बांधला तर अनेक वर्षे टिकतो, म्हणून घाई करायचीच असेल तर ती कागद चिकटवताना करावी, बांबू बांधताना करू नये.

बांबूच्या 20 सेंटिमीटर लांबीच्या आणि सारख्याच जाडीच्या 24 कामट्या घ्याव्यात. त्या पॉलिश पेपरने घासून कुसे काढून टाकावीत. मुले मदतीला असतील तर हे काम आधीच उरकून ठेवावे. चार-चार कामट्यांची टोके दोऱ्याने घट्ट बांधून सहा चौकोन करावेत. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पाहावेत. ते साधारण 28 सेंटिमीटर आणि एकमेकांइतकेच भरले, तरच चौकोन काटकोनात आहे असे समजावे. एखादा तिरका झाला असेल, तर गाठ सोडून पुन्हा बांधावी, कारण पुढे कागदाने हा दोष झाकला जात नाही.

आता एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या चारही कोपऱ्यांवर उरलेल्यांपैकी चार चौकोन एकेका टोकावर उभे करावेत, त्यांची शेजारशेजारची टोके एकमेकांना बांधावीत आणि वरच्या चार टोकांना सहावा चौकोन बांधावा. या बांधणीची खरी गंमत इथेच दिसते: एकही जादा कामटी न लावता चौकोनांच्या मधल्या जागांत आठ समभुज त्रिकोण आपोआप तयार होतात. सांगाडा या टप्प्यावर थोडा डुलतो, म्हणून उभ्या चौकोनांत कर्णांवर दोरा ताणून बांधावा आणि वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब कामटी बसवावी. बल्बचा होल्डर याच कामटीला टांगायचा आहे.

चिकटवण्यासाठी मैद्याची पातळ खळ शिजवून गार करावी. पतंगाचा कागद मापापेक्षा सर्व बाजूंनी दीड सेंटिमीटर मोठा कापून, कामटीवर दुमडून चिकटवावा. खळ जाड लागली तर वाळल्यावर तिचे डाग उजेडात स्पष्ट दिसतात. चौकोनांना पिवळा किंवा पांढरा आणि त्रिकोणांना गडद लाल कागद लावल्यास रात्री आकार उठून दिसतो. वरचा आणि खालचा चौकोन मात्र उघडाच ठेवावा, म्हणजे बल्बची उष्णता बाहेर पडते आणि बल्ब बदलताना कागद फाडावा लागत नाही.

आत 3 ते 5 वॉटचा एलईडी बल्ब पुरेसा होतो. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब फार तापतो, त्यामुळे तो कागदी कंदिलात लावूच नये. खालच्या चौकोनाला कागदी झिरमिळ्यांच्या शेपट्या लावाव्यात आणि कंदील वायरवर न टांगता वरच्या चारही कोपऱ्यांना बांधलेल्या मजबूत दोरीवर टांगावा.