वारसाच्या कामासाठी कोल्हापुरात वकील गाठण्याआधी

आधी मृत्यूचा दाखला काढा. एक नको, आठ-दहा प्रती काढा. बँक, पतसंस्था, विमा, तलाठी असा जो तो आपली प्रत मागतो. मग मिळकतीची यादी करायला बसा. आपल्याकडे ती एका जागी नसतेच: पेठेतलं घर, करवीर तालुक्यातलं शेत, साखर कारखान्याचा शेअर, पतसंस्थेतली ठेव. विकास सोसायटीचं पीककर्जही यादीत लिहा. वारसांना देणं फेडावं लागतं, पण हाती आलेल्या मिळकतीपुरतंच.

घराचं प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, सातबारा, आठ-अ (एका खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), पासबुकं जमवली की सगळ्यांवरचं नाव शेजारी ठेवून वाचा. सातबाऱ्यावर नुसतं ‘बापू’, आधारवर ‘बापूसाहेब’, पासबुकात आडनावच वेगळं, असं हमखास निघतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, याचं प्रतिज्ञापत्र लागेल, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर वंशावळ तिथपासून मांडावी लागते.

सगळ्याच कामांना वकील लागत नाही. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे स्वतः देता येतो, तोही तीन महिन्यांच्या आत द्यावा. नॉमिनी असलेली ठेव बँक नॉमिनीला देते, पण तेवढ्यानं तो मालक होत नाही, पैसा वारसांचाच. नॉमिनी नसलेल्या ठेवी, शेअर यांसाठी बँकेनं कोर्टाचा कागद मागितला तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली प्रमाणपत्र काढतात. घर-जमिनीचा वाद नसला तरी वारस म्हणून दाखला हवा असेल तर 1827 च्या मुंबई विनियमाखाली अर्ज होतो. यातला नेमका कुठला अर्ज करणार, हे वकिलाला स्पष्ट विचारा. मृत्युपत्र असेल आणि ‘प्रोबेटशिवाय, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याशिवाय, पुढं जाताच येणार नाही’ असं कुणी म्हणालं, तर कारण विचारा. कोल्हापुरातल्या मिळकतीसाठी हिंदू कुटुंबाला त्याची सक्ती नाही.

18 ऑगस्ट 2025 पासून शहरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, पण हे अर्ज तिथले नव्हेत. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रोज दिवाणी कामं चालवणारा वकील बघा. असे अर्ज चालवलेत का, फी किती, कोर्ट फी आणि पेपरातल्या नोटिशीचा खर्च वेगळा का, हे लिहून घ्या. फी म्हणून मिळकतीत हिस्सा मागणाऱ्याकडून उठून या. बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि बहिणी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. ‘तिला लग्नात दिलंय’ म्हणून अर्जातून नाव गाळू नका. ते अन्यायाचं आहे, आणि उघड झालं तर मिळालेलं प्रमाणपत्र कोर्ट रद्द करू शकतं. ती मनापासून सोडत असेल तर हक्कसोडपत्र नोंदणी करूनच करा. ते तिला आधी घरी वाचायला द्या, स्वतःच्या वकिलाला दाखवू द्या. राखीच्या दिवशी, पाहुण्यांच्या गर्दीत सही मागू नका.

पहिल्या भेटीला झेरॉक्स न्या. मूळ कागद द्यावाच लागला तर त्याची पोच घ्या, आणि कोऱ्या कागदावर कुणाचीही सही देऊ नका.