वितळलेल्या मिठात धातू बुडवण्याआधी

नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "मॅडम, भट्टी कधी लावायची?" मी त्याला आधी मीठ वाळवायला बसवते. वितळलेल्या क्षारांवर चालणाऱ्या अणुभट्टीसाठी मिश्रधातू तपासायचा असेल, तर निम्म्याहून जास्त काम हेच आहे.

आम्ही फ्लिनॅक वापरतो. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियमची फ्लोराइडं, प्रमाण ४६.५, ११.५ आणि ४२ मोल टक्के. ४५४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्यात विषारी बेरिलियम नाही.

स्टेनलेस स्टीलला एरवी वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर. फ्लोराइडच्या मिठात तो विरघळून जातो आणि धातू उघडा पडतो. मग सगळ्यांत आधी क्रोमियम निघून जातं, त्यामागून लोखंड. निकेल आणि मॉलिब्डेनम बहुतेक जागेवर राहतात. म्हणून तर अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या प्रायोगिक अणुभट्टीसाठी (१९६५ ते १९६९) निवडलेल्या हॅस्टेलॉय-एन या निकेलच्या मिश्रधातूमध्ये क्रोमियम जेमतेम ७ टक्के होतं. बाहेरून हवेत टिकायला पुरेसं, आतून मिठाला फारसं न देणारं.

पण शुद्ध मीठ एकटं धातूचं फार वाकडं करत नाही. खरा चोर ओलावा. तापत्या मिठात पाण्यापासून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, तो क्रोमियमचं फ्लोराइड करून मिठात ओढून नेतो. पोटॅशियम फ्लोराइड तर हवेतलं पाणी अधाशासारखं पितं. एका जुलैत, मुंबईच्या पावसात, माझ्याकडून त्याचा डबा दहा मिनिटं उघडा राहिला. त्या मिठातल्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या कूपनचं, म्हणजे तपासणीसाठी कापलेल्या छोट्या तुकड्याचं, वजन कोरड्या मिठातल्या जोडीच्या कूपनपेक्षा कितीतरी जास्त घटलं. महिन्याभराचं काम टाकून द्यावं लागलं.

म्हणून तिन्ही क्षार वेगवेगळे, निर्वातात, हळूहळू तापवा. घाई केलीत तर पाणी उडून जाण्याआधी मिठाशीच अभिक्रिया करतं आणि मागे ऑक्साइड ठेवतं. १२० अंशांवर बराच वेळ थांबा, मग ३०० च्या पुढे न्या आणि रात्रभर ठेवा. त्यानंतर सगळं आर्गॉन वायूने भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्ये (हातमोजे जोडलेली बंद पेटी), पाणी आणि ऑक्सिजन १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, खाली. फ्लोराइडने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी असल्याशिवाय फ्लोराइडला हात लावायचा नाही; यात मी कुणालाही सूट देत नाही.

कूपन १२०० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा, ॲसिटोनमध्ये धुवा, लांबी-रुंदी मोजा, ग्रॅमच्या पाच दशांशांपर्यंत वजन घ्या.

क्रूसिबल, म्हणजे मीठ वितळवायचं भांडं, शक्यतो कूपनच्याच मिश्रधातूचं घ्या. ग्रॅफाइट स्वस्त आणि सोयीचं दिसतं, पण मिठातून आलेलं क्रोमियम त्यावर कार्बाइड होऊन बसतं, मिठात क्रोमियम साठतच नाही आणि कूपनमधून ते निघतच राहतं. मग तुम्ही मिश्रधातू मोजताय की क्रूसिबल, हे कळायला मार्ग उरत नाही. तुलनेसाठी, नुसतं मीठ भरलेलं, कूपन न टाकलेलं एक क्रूसिबल सोबत ठेवाच.

७०० अंशांवर १०० तास, ५०० तास, १००० तास, प्रत्येक मुदतीला वेगळं कूपन. मीठ पातळ असतानाच कूपन तारेने वर ओढून घ्या. गोठल्यावर ते सोडवणं म्हणजे पृष्ठभाग खरवडणं. चिकटलेलं मीठ नुसत्या पाण्याने जात नाही, कारण लिथियम फ्लोराइड पाण्यात फारसं विरघळत नाही. आम्ही ॲल्युमिनियम नायट्रेटचं द्रावण वापरतो.

वजनातली घट मिळाली म्हणून थांबू नका. कूपन आडवं कापा आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमा बघा. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या तुकड्याच्या आत सीमांच्या कडेने पोकळ्या सापडतात, आणि भांड्याची भिंत किती काळ टिकेल हे त्या किती खोल गेल्या आहेत त्यावर ठरतं. गोठलेल्या मिठाचा तुकडा आयसीपी तपासणीला (कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारी) द्या. मिठातलं क्रोमियम आणि कूपनने गमावलेलं क्रोमियम यांचा हिशेब जुळला नाही, तर राहिलेलं क्रूसिबलच्या भिंतीवर शोधा.