एलटीए, ‘कॅप्चर’ आणि दोन दिवसांची डोकेफोड

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा मला एलटीए फाइलमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या मूळ कच्च्या स्वरूपात मिळाला. कासा या रेडिओ डेटावर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ती वाचता येत नाही; आधी लिस्टस्कॅन, मग जीव्हीफिट्स हे प्रोग्राम चालवून तिची फिट्स (खगोलशास्त्रात सर्रास वापरली जाणारी फाइल) करावी लागते. ‘कॅप्चर’ ही खगोलशास्त्रज्ञांनीच लिहून सर्वांसाठी खुली ठेवलेली पाइपलाइन (एकामागून एक पायऱ्या चालवणारा प्रोग्राम) हे आपणहून करते. माझ्याकडे मात्र फिट्स तयारच होईना. कॉन्फिग फाइल दहादा तपासली, कासाची आवृत्ती बदलली, डिस्कवर जागा मोकळी केली. दोन दिवस गेले. शेवटी वैतागून जीव्हीफिट्स हातानेच चालवलं, तर ‘परमिशन डिनाइड’! पेन ड्राइव्हवरून कॉपी करताना दोन्ही प्रोग्रामची एक्झिक्यूट, म्हणजे चालण्याची, परवानगी उडाली होती. ती परत देणारी ‘सीएचमॉड प्लस एक्स’ ही कमांड दिली आणि गाडी रुळावर आली. (लॉग आधीच नीट वाचला असता तर!) पुढे दुर्बिणीच्या एका अँटेनाने खोडी काढली, तिला सरळ फ्लॅग केलं, म्हणजे तिचा डेटा वगळला.