सीपॅप सुरू करताय? आधी मास्क जमवा, मशीन नंतर विकत घ्या

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकण्याचा आजार, आणि सीपॅप म्हणजे त्यासाठी रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन. स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येतं. माझं तेच झालं. एएचआय (श्वास किती वेळा अडकतो त्याचा आकडा) ४१ आलेला, डॉक्टरांची पुढची अपॉइंटमेंट आठ दिवसांनी, मधेच एका विक्रेत्याचा फोन आला, तो घरी आला आणि बायपॅप नावाचं दोन प्रेशरचं मशीन माझ्या गळ्यात मारून गेला. सीपॅपपेक्षा कितीतरी महाग. तुम्हाला साध्या सीपॅपवर भागलं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं तोपर्यंत मशीनचं सील फुटलेलं होतं आणि परत घ्यायला कोणी तयार नव्हतं. सगळे पैसे मशीनवर संपले म्हणून सोबत जो मास्क आला तोच लावत राहिलो, तो नाकावर बसेना, आणि शेवटी सहा आठवडे ते मशीन कपाटात पडून राहिलं. पैसे पण गेले आणि झोप पण नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण या आजारात एकूण किती खर्च केला यापेक्षा कुठला खर्च आधी केला यावर जास्त अवलंबून असतं.

सुरुवात रिपोर्टपासून. एएचआय म्हणजे झोपेत तासाला किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा खूप कमी झाला, आणि किमान १० सेकंद तसं झालं तरच ते मोजतात. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. माझा ४१ म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. बायको कितीतरी वर्षं सांगत होती की तू घोरता घोरता एकदम गप्प होतोस, मी अंधारात आकडे मोजत बसते, मग हुंदका आल्यासारखा आवाज होतो आणि परत घोरणं सुरू. मी ते कधी मनावरच घेतलं नाही. तर एएचआयसोबत ऑक्सिजन किती खाली गेला ते बघा, आणि ऑब्स्ट्रक्टिव्ह आहे की सेंट्रल ते बघा. पहिल्यात घसा बंद पडतो, दुसऱ्यात मेंदूकडून श्वास घ्यायचा निरोपच जात नाही, त्यामुळे दोन्हीचे उपचार वेगळे होऊ शकतात. आणि रिपोर्टची पूर्ण प्रत मागून घ्या, नुसतं शेवटचं पान नको. विम्याला लागते, भाड्याने मशीन घेताना लागते, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला पण लागते.

टेस्ट अजून झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा की घरी करायची टेस्ट चालेल का. ती रात्रभर लॅबमध्ये झोपून करायच्या टेस्टपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि सरळसाध्या केसमध्ये पुरते. फक्त एक लक्षात ठेवा, घरच्या टेस्टमध्ये बहुतेक वेळा मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे तुम्ही खरंच किती तास झोपलात ते कळत नाही, सगळ्या रेकॉर्डिंगच्या वेळेने भागाकार होतो आणि एएचआय खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. म्हणून घरची टेस्ट नॉर्मल आली पण दिवसा डोळे मिटतायत, सकाळी डोकं दुखतंय, तर तिथे थांबू नका, लॅबमध्ये टेस्ट करून घ्या. लॅबमध्येच जायचं असेल तर स्प्लिट नाइट होते का विचारा, म्हणजे अर्ध्या रात्रीत निदान आणि उरलेल्या रात्रीत मास्क लावून प्रेशर ठरवणं, दुसऱ्या रात्रीचं बिल वाचतं.

आता मशीन. कोणी काहीही सांगितलं तरी तत्त्व एकच आहे, नाकातून हवेचा दाब द्यायचा म्हणजे घसा आतून उघडा राहतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि आजचं मशीन पण मुळात तेच करतं. साधं सीपॅप एकाच ठरलेल्या प्रेशरवर चालतं. ऑटो सीपॅप रात्रभर गरजेप्रमाणे प्रेशर कमीजास्त करतं, साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबामध्ये, त्यामुळे दुसरा काही गुंतागुंतीचा आजार नसेल तर प्रेशर ठरवायला वेगळी रात्र लॅबमध्ये काढावी लागत नाही, आणि माझ्या मते पैसे घालायचे तर या एका सोयीसाठी घालावेत. बायपॅपमध्ये श्वास घेताना वेगळं आणि सोडताना वेगळं प्रेशर असतं, ते ज्यांना खूप जास्त प्रेशर सहन होत नाही किंवा फुप्फुसाचा वगैरे त्रास आहे त्यांना देतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर बायपॅप लिहिलं नसेल तर विक्रेत्याने कितीही समजावलं तरी घेऊ नका. मोठी रंगीत स्क्रीन नसली तरी चालेल, पण मशीनने एएचआय, लीक (मास्कमधून गळणारी हवा) आणि वापराचे तास साठवलेच पाहिजेत, डेटा न देणारं मशीन कितीही स्वस्त मिळालं तरी नको.

आणि शक्य असेल तर लगेच विकत घेऊच नका. महिनाभर भाड्याने घ्या किंवा ट्रायलवर घ्या, आणि ठरवतानाच विचारून ठेवा की नंतर विकत घेतलं तर भाड्याची रक्कम किमतीतून वजा होईल का. हे तोंडी नको, लिहून घ्या.

मास्कबद्दल मात्र जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या मते निम्म्या लोकांचं मशीन मास्कपायीच कपाटात जातं. मास्क तीन प्रकारचे. पिलो मास्क म्हणजे फक्त नाकपुड्यांना टेकणारा, नेझल म्हणजे पूर्ण नाक झाकणारा आणि फुल फेस म्हणजे नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. दाढी असेल, बंदिस्त जागेत घाबरायला होत असेल, झोपताना चष्मा लावून वाचायची सवय असेल तर पिलो बघा. नाक कायम चोंदलेलं असतं, तोंडाने श्वास घेता, तर फुल फेस. पण फुल फेसची कड लांब असल्यामुळे हवा गळायच्या जागा पण जास्त, म्हणून नाक मोकळं करता येत असेल तर आधी नाकाचा इलाज करा आणि लहान मास्क वापरा. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे क्लिप असतात, तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर किंवा शरीरात धातूचं दुसरं काही बसवलेलं असेल तर चुंबकवाला मास्क घेऊ नका.

ट्राय करताना खुर्चीत बसून लावून बघायचं आणि हो म्हणायचं, असं करू नका. आडवे व्हा, मशीन तुमच्या प्रेशरवर चालू करायला सांगा, कुशीवर वळा, जबडा हलवा. झोपल्यावर गाल खाली सरकतात आणि बसून फिट बसलेला मास्क लगेच फुसफुसायला लागतो. गळत असेल तर पट्टा आवळायच्या आधी एक करा, मास्क चेहऱ्यापासून अर्धा इंच पुढे ओढा, कुशन हवेने फुगू द्या आणि मग अलगद परत टेकवा. बऱ्याचदा एवढ्यानेच गळती थांबते. मी पहिल्या महिन्यात पट्टे इतके आवळले होते की नाकाच्या हाडावर लाल वण उठला आणि कुशनची कड पण कायमची वाकली. पट्ट्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून जी हवा येते ती मात्र यायलाच हवी, तुमचा उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो, त्यावर टेप लावू नका.

पैशाच्या दृष्टीने कामाची गोष्ट म्हणजे नळीचं टोक बहुतेक मास्कना एकाच मापाचं असतं, २२ मिलिमीटर. म्हणजे मशीन एका कंपनीचं आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा चालतो (काही छोटी प्रवासी मशीन सोडून). त्यामुळे हाच मास्क घ्यावा लागेल असं कोणी सांगितलं तर आधी नळीचं टोक बघा. मशीनला मास्कचा प्रकार सांगायची सेटिंग असते, ती फक्त बदलून घ्या.

पहिले दोन आठवडे कसे काढायचे? पहिल्या रात्री आठ तास झोपायचा हट्ट धरू नका. संध्याकाळी जागेपणी मास्क लावून काहीतरी वाचत बसा, आधी नुसता मास्क, मग हवा चालू करून, पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. चार पाच दिवसात मेंदू शांत होतो. रॅम्प नावाची सेटिंग असते, प्रेशर हळूहळू वाढतं, पण काहींना ४ वर हवा अपुरी वाटते आणि गुदमरायला होतं, अशावेळी रॅम्पची सुरुवात थोडी वर घ्यायची का ते डॉक्टरांना विचारा. श्वास सोडताना जोर लावावा लागत असेल तर सोडताना प्रेशर हलकं करणारी सेटिंग बऱ्याच मशीनमध्ये असते. सकाळी पोट फुगलेलं असेल तर हवा गिळली जातेय. तोंड कोरडं पडत असेल तर एक तर तोंड उघडं पडतंय किंवा ह्युमिडिफायर (हवा दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी) वाढवायला हवा, आणि नळीत पाणी साचून नाकावर थेंब येत असतील तर ह्युमिडिफायर कमी करा किंवा नळी पांघरुणाखालून घ्या.

झोपेत मास्क कधी काढून टाकला ते कळत पण नाही, सकाळी उशीखाली सापडतो. जाग आली की परत लावा, मग पहाटेचे चार वाजलेले असले तरी. स्वप्नांची झोप म्हणजे रेम, ती पहाटे जास्त असते आणि बऱ्याच जणांचा श्वास त्याच वेळी सगळ्यात जास्त अडकतो, म्हणजे तुम्ही मास्क काढून झोपलात ते नेमके महत्त्वाचे तास. सकाळी मशीनवर दोन आकडे बघायचे, एएचआय ५ च्या खाली आणि लीक मर्यादेत, रेसमेड कंपनीच्या मशीनवर ती मर्यादा मिनिटाला २४ लिटर आहे. जास्त खोलात जायचं असेल तर ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, मशीनचं एसडी कार्ड कॉम्प्युटरला लावलं की पूर्ण रात्र ग्राफवर दिसते. ते बघून प्रेशर स्वतःच बदलत बसू नका, ग्राफ डॉक्टरांना दाखवा.

विमा असेल तर विकत घ्यायच्या आधी फोन करा, नंतर नाही. विचारायचं काय तर मशीन पॉलिसीत बसतं का, आधी मंजुरी लागते का, भाडं देतात की खरेदी, मास्क आणि फिल्टर किती दिवसांनी नवीन देतात, आणि वापराचे तास तपासतात का. बऱ्याच ठिकाणी रात्री किमान ४ तास आणि ७० टक्के रात्री हे माप लावतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात थोडा वेळ का होईना पण रोज लावा. नकार आला तर लेखी कारण मागा आणि डॉक्टरांच्या पत्रासह परत अर्ज करा. त्या पत्रात नुसता एएचआय नको, दिवसाची झोप, ब्लड प्रेशर, गाडी चालवताना लागलेली डुलकी, जे खरं आहे ते सगळं असू द्या.

सेकंड हँड मशीनला माझी ना नाही, पण बघून घ्या. मेनूमध्ये मोटर किती तास चालली ते दिसतं, रोज आठ तास धरले तर वर्षाचे जवळपास ३००० तास होतात, त्यावरून वय काढा, साधारण पाच वर्षं हे मशीनचं आयुष्य धरतात. सिगारेटचा वास येत असेल तर सोडून द्या, तो जात नाही. सीरियल नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा, कारण फिलिप्सने जून २०२१ मध्ये पहिल्या पिढीच्या ड्रीमस्टेशनसकट बरीच मॉडेल्स परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकत होते, आणि तसली मशीन अजूनही स्वस्तात विकायला निघतात. मास्क, नळी, फिल्टर आणि पाण्याची टाकी नवीनच घ्यायची, आणि प्रेशर आधीच्या माणसाचं असतं म्हणून ते आपल्या चिठ्ठीप्रमाणे लावून मगच वापरायचं.

चालू खर्च कमी ठेवायचा तर पूर्ण मास्क बदलू नका, फक्त कुशन बदला, पट्टे आणि फ्रेम बरेच टिकतात. कुशन रोज सकाळी कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, उन्हात वाळवू नका, रात्री मास्क लावायच्या आधी तोंड धुवा कारण चेहऱ्याच्या तेलाने सिलिकॉन लवकर मऊ पडतं. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, सकाळी उरलेलं ओतून टाकायचं. ओझोनने साफ करणारी महागडी यंत्रं मिळतात, ती घेऊ नका, साबणाने काम होतं आणि ओझोन फुप्फुसाला चांगला नाही.

आणि आत्ता मशीन परवडतच नसेल तर? आधी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, लाजू नका. काही हॉस्पिटलं आणि संस्था जुनी मशीन तपासून देतात, हप्त्याची सोय असते. तोपर्यंत पाठीवर झोपू नका, बऱ्याच जणांचा एएचआय कुशीवर झोपल्यावर कमी होतो, रिपोर्टमध्ये पाठीवरचा आणि कुशीवरचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा. झोपायच्या आधी दारू नको, झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सौम्य किंवा मध्यम असेल तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण डेंटिस्ट बनवून देतात, त्याला वीज लागत नाही आणि फिल्टर पण नाही. वजन जास्त असेल तर ते कमी करणं हा खरा उपाय आहे पण त्याला वेळ लागतो, तोपर्यंत घशाला आधार लागतोच. आणि डोळे जड झाले असतील तर गाडी चालवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

कुठलंही ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप अ‍ॅप्निया आहे हे आधीच सांगा आणि मशीन सोबत न्या. वजन बरंच उतरलं किंवा वाढलं तर प्रेशर परत तपासून घ्या. आणि आज एक काम करा, मास्कच्या कुशनवर कडेला बारीक अक्षरात साइज लिहिलेली असते, मॉडेलच्या नावासकट तिचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. माझं कुशन फाटलं तेव्हा साइज मीडियम होती की मीडियम वाइड हेच आठवेना, चुकीचं मागवलं, आणि योग्य येईपर्यंत नऊ रात्री बायको परत अंधारात आकडे मोजत जागी होती.