मूल न होण्याचं दुःख लिहून काढताय? या चुका टाळा

गेली सहा वर्षं दर दुसऱ्या शनिवारी दुपारी काही जणी वह्या घेऊन आमच्या घरी येतात. कुणाचं आयव्हीएफ तीनदा फसलंय, कुणाचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं, कुणी उपचार थांबवून दहा वर्षं झालीत. अधूनमधून एखादा पुरुषही येतो आणि दाराजवळच्या खुर्चीत बसतो. माझ्या स्वतःच्या आयव्हीएफच्या चार सायकल (उपचाराच्या फेऱ्या) झाल्या, बाळ गेल्यावर एक क्युरेटिंग (गर्भाशय साफ करणं) झालं, मग आम्ही थांबलो. त्या काळात लिहिण्यानं मला तगवलं. म्हणून त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या की जीव तुटतो.

घडलं ते सोडून फक्त दुःख लिहिणं

मी आठ महिने हेच करत होते. रोज रात्री चार पानं. ‘माझ्याच नशिबी का’, ‘मी कुणाचं काय वाईट केलं होतं’, ‘आता कशासाठी जगायचं’. एकदा मागची पानं चाळली. मार्चमधलं पान ऑक्टोबरमध्ये चिकटवलं असतं तरी फरक कळला नसता. वहीत मी कुढत होते आणि त्यालाच लिहिणं समजत होते.

मग एका दुपारी ठरवून फक्त सोनोग्राफीची खोली लिहिली. मशीन फिरवणाऱ्या बाई गप्पा मारत होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली. ‘डॉक्टरांना बोलावते,’ म्हणाल्या आणि पोटावरचं जेल पुसायला दोन टिश्यू माझ्या हातात देऊन गेल्या. मी पुसलं नाही. पुसलं की सगळं संपलं, असं वाटत होतं. जेल गार पडून ओढल्यासारखं वाळत गेलं आणि मी टिश्यू मुठीत धरून पडून राहिले. हे लिहिताना रडले, ते आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या बाळासाठी.

उलटी चूकही तितकीच पाहते. काही जणी केसपेपर लिहावा तसं लिहितात: फॉलिकल (बीजकोशातल्या पिशव्या) किती, इंजेक्शन कितवं, बीटा एचसीजी (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) किती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे सांगावासा वाटतो. त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींना ओळीनं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहायला लावलं. काहींनी फक्त घटना लिहिली, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही. दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत तुलनेनं कमी राहिल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. हे नवख्यांनी नीट लक्षात ठेवावं. पहिल्याच दिवशी ‘लिहून उलट त्रास झाला, मला हे जमणार नाही’ म्हणत वही मिटणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. चार दिवस तरी द्या.

आपल्या आज्या-पणज्यांना हे ठाऊकच होतं. जात्यावरच्या ओवीत नुसतं ‘मला दुःख झालं’ येत नाही. उंबरा येतो, माहेरची वाट येते, भाऊ येतो.

तुमच्याकडेही अशी जागा असेल. आमच्या एकीनं डोहाळजेवणाचं पान लिहिलं. जावेसाठी नारळ आणि खण तिनं स्वतः निवडून आणला होता. ओटी भरायची वेळ आली तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, ‘तू राहू दे, लेकुरवाळ्या भरतील.’ नारळ हातात घेऊन ती स्वयंपाकघरात परत गेली, तिथपर्यंतचंच पान आहे. पुढचं लिहायला तिला पाच महिने लागले. लागू देत.

ओलं पान दुसऱ्याच्या हातात देणं

याबद्दल मी फार कडक आहे, कारण हे माझ्या हातून घडलंय. एका रात्री लिहिलेलं पान मी फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. वाटलं, एकदा सगळ्यांना कळू दे. सकाळपर्यंत जोडलेल्या हातांची रांग लागली होती, एका वैद्यांचा नंबर आला होता, एक नवस सुचवला होता आणि ‘दत्तक का घेत नाही?’ हेही विचारून झालं होतं. पण खरी जखम वेगळीच झाली. त्या पानात यांच्या तपासणीचा रिपोर्ट होता. नणंदेच्या सासरपर्यंत तो पोचला. हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘तुझं तू सांग. माझं तू सांगायचं नव्हतंस.’

तेव्हापासूनची माझी सवय: लिहिलेलं पान तीन महिने कपाटात, साड्यांखाली. मग आधी स्वतःसाठी मोठ्यानं वाचायचं. त्यानंतर एकाच माणसाला, तेही आधी बजावून, ‘फक्त ऐक, काही सुचवू नकोस.’ दुसऱ्याच्या शरीराबद्दलचं काहीही त्याला विचारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. ‘पण लोकांशी बोललं की लगेच मोकळं वाटतं ना?’ असं नवीन आलेली प्रत्येक जण विचारते. ही घाईच घात करते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

शेवटची ओळ गोड करू नका. ‘पण देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल’ हे मनापासून आलं नसेल, तर खोडा.

झोपायच्या आधी लिहू नका. मी दुपारी तीनला लिहिते, मोबाइलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी उठते आणि चहा टाकते.

जन्मलंच नाही त्या बाळाला पत्र पहिल्याच आठवड्यात लिहायला घेऊ नका. फार खोल पाणी आहे ते.

एखाद्या आठवणीपाशी हात थरथरला, तर ती आज सोडा. पेनेबेकरही हेच सांगतात. आणि जीव नकोसा वाटत असेल तर वही बाजूला ठेवून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं.

आणि दवाखान्याची फाइल रागाच्या भरात रद्दीत घालू नका. क्युरेटिंगच्या दिवशी मी एकटी होते, हे ऑफिसला गेले होते, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आले. त्याच रागावर कितीतरी पानं भरली. मग तारीख बघायला म्हणून फाइल उघडली. संमतिपत्रावर यांची सही होती, शेजारी यांच्याच अक्षरात वेळ: सकाळी ७.१०. भुलीतून बाहेर येताना हे मला दिसले नाहीत, तेवढंच मला आठवत होतं. संध्याकाळी विचारलं, तर म्हणाले, ‘खाली औषधांच्या रांगेत होतो.’ ते पान मी पुन्हा लिहिलं आणि यांना विचारून शनिवारी वाचलं.